दुसरी प्रत जागी आहे का?

शाळेच्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटात एक जाडजूड वही असते, जनरल रजिस्टर. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलामुलीचे नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस हे सारे तिच्यात एकाखाली एक लिहिलेले असते. चाळीस वर्षांपूर्वी शाळा सोडलेला माणूस दाखल्याची दुसरी प्रत मागायला आला, की हीच वही काढावी लागते. ती वाळवीने खाल्ली किंवा पुराच्या पाण्यात भिजली, तर त्या माणसाला स्वतःची जन्मतारीख सिद्ध करणेही अवघड होऊन बसते.

समजा, एखाद्या मुख्याध्यापकांनी ठरवले, की या वहीची दुसरी प्रत करायची आणि ती शेजारच्या इमारतीत ठेवायची. पहिल्या वहीत नोंद झाली, की कारकुनाने ती दुसऱ्या वहीतही उतरवायची. योजना चांगली आहे. पण वर्षभराने आपण काही प्रश्न विचारून पाहू. दुसऱ्या वहीतली शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे? त्या कपाटाची किल्ली आज कोणाजवळ आहे? पहिली वही गेली, तर आजपासून दुसरी वही खरी मानायची, हे कोण ठरवणार? आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, हे सर्व प्रश्न याआधी कोणी, कधी विचारले होते?

बँकांची खाती, रेल्वेची आरक्षणे, रुग्णालयांतल्या नोंदी, इतकेच काय, आपल्या विद्यार्थ्यांची यू-डायसवर भरलेली माहिती, हे सारे आता संगणकांवर असते. तिथेही माहितीच्या दोन-तीन प्रती ठेवतात आणि तिथेही नेमके हेच प्रश्न विचारावे लागतात. ते विचारण्याचे काम एका छोट्याशा आज्ञावलीकडून, म्हणजे स्क्रिप्टकडून, कसे करून घेतात आणि ते न केल्यास काय होते, हे या लेखात पाहू.

रोजकीर्द आणि खतावणी

पुष्कळ माहिती तक्त्यांच्या रूपात शिस्तीने मांडून ठेवणारी आणि विचारताच हवी ती नोंद काढून देणारी संगणकावरची व्यवस्था म्हणजे डेटाबेस. आयबीएम या कंपनीत काम करणारे एडगर कॉड यांनी १९७० साली तक्त्यांवर आधारलेल्या डेटाबेसची गणिती बैठक मांडली. आजचे बहुतेक मोठे डेटाबेस त्याच बैठकीवर उभे आहेत.

डेटाबेसमध्ये बदल कसा होतो, हे समजायला किराणा दुकानदाराची आठवण करा. दुकानदार दिवसभराचे व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहितो. मग त्यावरून खतावणीत प्रत्येकाच्या खात्यावर रकमा चढवतो. खतावणीचे पान फाटले, तरी रोजकीर्दीवरून ते पुन्हा तयार करता येते. डेटाबेसही असेच करतो. तक्त्यात कायमचा बदल करण्याआधी तो बदल एका क्रमवार नोंदवहीत लिहितो. वीज गेली आणि काम अर्धवट राहिले, तर संगणक पुन्हा सुरू झाल्यावर ही रोजकीर्द वाचून खतावणी नीट करून घेतो.

आता या रोजकीर्दीची पाने जशी लिहिली जातील तशी दुसऱ्या संगणकाकडे पाठवत राहिले, तर तो संगणकही तीच खतावणी तयार करत राहील. पहिल्याला आपण मुख्य संगणक म्हणू, दुसऱ्याला राखीव. मुख्य बंद पडला, की राखीव त्याची जागा घेतो आणि लोकांचे काम चालू राहते. या व्यवस्थेला आपण सतत उपलब्धता म्हणू.

कागदावरचे गणित

एक संगणक शंभरातले नव्व्याण्णव भाग वेळ चालू असतो, असे समजा. ऐकायला हे चांगले वाटते. पण वर्षाचा शंभरावा भाग म्हणजे ३.६५ दिवस. वर्षातले साडेतीन दिवसांहून जास्त काळ बँक बंद राहिली, तर लोक काय म्हणतील?

आता तसेच दोन संगणक घेऊ. दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता १/१०० गुणिले १/१००, म्हणजे १/१०,०००. वर्षाची मिनिटे ५,२५,६००. त्यांचा दहा हजारावा भाग सुमारे ५३ मिनिटे. साडेतीन दिवसांवरून आपण तासाच्या आत आलो.

हे गणित बरोबर आहे, पण त्यात काही गोष्टी गृहीत धरल्या आहेत. दोन्ही संगणक एकमेकांशी संबंध नसलेल्या कारणांनी बंद पडतात, हे एक गृहीत. ते एकाच खोलीत, एकाच वीजजोडणीवर असतील, तर वीज जाताच दोन्ही एकदम बंद पडतील. दुसरे गृहीत जास्त फसवे आहे. राखीव संगणक बिघडला तर आपल्याला ते लगेच कळते, असे आपण मनातल्या मनात धरून चाललो आहोत.

मुख्य संगणक बंद पडला, तर लगेच ओरड होते. राखीव बिघडला तर? काहीच होत नाही. लोकांची कामे चालू असतात, कारण ती मुख्य संगणकावर चाललेली असतात. मोटारीच्या डिकीतल्या जादा चाकाची हवा गेली, तर ते चालकाला कधी कळते? पहिले चाक पंक्चर झाल्यावर. अशा बिघाडाला सुप्त बिघाड म्हणता येईल.

राखीव संगणकात असा सुप्त बिघाड वर्षातून सरासरी एकदा होतो, असे धरू. आपण तपासणी दर सहा महिन्यांनी करतो. बिघाड या सहा महिन्यांत कोणत्याही दिवशी होऊ शकतो. कधी तपासणीच्या आदल्या दिवशी, कधी तपासणी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे सरासरीने तो तपासणीच्या अंतराच्या निम्मा काळ, तीन महिने, लपून राहील. वर्षातले तीन महिने, म्हणजे चौथा भाग वेळ, आपला राखीव संगणक नावापुरता असेल. मुख्य संगणक वर्षातला जो शंभरावा भाग बंद असतो, त्यातल्या चौथ्या भागात आपल्याला कोणीही वाली नसेल. ५३ मिनिटांच्या जागी ही वेळ सुमारे २२ तास होते.

तपासणी दर महिन्याला केली तर बिघाड सरासरी पंधरा दिवस लपतो. दर दहा मिनिटांनी केली तर पाच मिनिटे. म्हणजे आणखी एक महाग संगणक विकत न घेता, केवळ वारंवार तपासून उपलब्धता वाढते. पण दर दहा मिनिटांनी, रात्रंदिवस, न कंटाळता तपासणार कोण? इथे स्क्रिप्ट कामी येते.

स्क्रिप्ट म्हणजे काय?

नाटकाच्या संहितेलाही स्क्रिप्ट म्हणतात. संगणकाची स्क्रिप्टही तशीच असते. माणसाने पडद्यासमोर बसून एकामागून एक ज्या आज्ञा दिल्या असत्या, त्या क्रमाने लिहून ठेवायच्या आणि ठरल्या वेळी संगणकाने त्या स्वतः पार पाडायच्या. आपली तपासणीची स्क्रिप्ट मराठीत लिहिली, तर काहीशी अशी दिसेल :

१. मुख्य संगणकाला विचार : तू मुख्य आहेस ना? उत्तर 'नाही' आले तर इशारा दे.
२. प्रत्येक राखीव संगणकाला विचार : तू राखीव आहेस ना? कोणी 'मी मुख्य आहे' म्हणाला तर तातडीचा इशारा दे.
३. मुख्य संगणकाला विचार : या क्षणी किती राखीव तुझ्याकडून पाने घेत आहेत? यादीपेक्षा कमी असतील तर इशारा दे.
४. मुख्याच्या रोजकीर्दीतला शेवटचा क्रमांक घे, राखीवाने उतरवलेला शेवटचा क्रमांक घे, वजाबाकी कर. फरक ठरल्यापेक्षा मोठा असेल तर इशारा दे.
५. सेटिंग वाच : मुख्य संगणक राखीवाच्या पोचपावतीसाठी थांबतो का? कोणाच्या पोचपावतीसाठी?
६. फाइलमध्ये लिहिलेले सेटिंग आणि प्रत्यक्ष लागू असलेले सेटिंग एकच आहे का?
७. दोन्ही संगणकांवरची वापरकर्त्यांची यादी सारखी आहे का?
८. कालची साठवणीची प्रत आहे का? तिचा आकार शून्य तर नाही? परवाच्या प्रतीपेक्षा एकदम लहान तर नाही?
९. सर्व उत्तरे तारीख-वेळेसह नोंदव. सगळे ठीक असले तरी 'तपासले, ठीक आहे' असे कळव.

एका डेटाबेसमागे हे सात-आठ प्रश्न. एखाद्या संस्थेत असे पन्नास डेटाबेस असले तर चारशे प्रश्न. प्रत्येकाला एक मिनिट धरले तरी माणसाला सहा-सात तास लागतील. त्यातही तिसाव्या डेटाबेसपाशी त्याचे डोळे जे दिसायला हवे तेच पाहू लागतील. शंभर उत्तरपत्रिका तपासलेल्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. स्क्रिप्ट हे काम बहुधा काही मिनिटांत उरकते आणि चारशेवा प्रश्नही पहिल्याइतक्याच काटेकोरपणे विचारते.

यातले प्रत्येक कलम कुठल्या ना कुठल्या खऱ्या अडचणीतून आलेले आहे. त्यातली काही पाहू.

पोचपावतीसाठी थांबायचे का?

तुम्ही बँकेत पैसे भरले. मुख्य संगणकाने आपल्या रोजकीर्दीत नोंद केली. आता त्याने तुम्हाला लगेच 'पैसे जमा झाले' असे सांगावे, की राखीव संगणकाकडून 'नोंद मिळाली' अशी पोचपावती येईपर्यंत थांबावे?

लगेच सांगितले आणि पुढच्याच क्षणी मुख्य संगणक जळाला, तर राखीवाकडे ती नोंद नसेल. तुम्हाला पावती मिळाली, पण पैसे कुठेच नाहीत. थांबावे म्हटले तर वेळ लागतो आणि हा वेळ निसर्गनियमाने ठरलेला आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख कि.मी. जातो. मुंबई-दिल्ली तार रेल्वेमार्गाने टाकली, तर ती सुमारे १,४०० कि.मी. भरेल. एका दिशेला ७ मिलीसेकंद, जाऊन-येऊन १४ मिलीसेकंद. आपल्याला हे क्षुल्लक वाटेल, पण एकामागून एक हजार नोंदी करणाऱ्या कामात याचेच १४ सेकंद होतात. कितीही पैसे खर्च केले तरी काचेतल्या प्रकाशाचा वेग वाढत नाही. म्हणून जवळच्या राखीवाच्या पावतीसाठी थांबायचे आणि दूरच्या राखीवाला सावकाश पाने पाठवायची, अशी तडजोड पुष्कळ ठिकाणी करतात.

ही निवड सेटिंगमध्ये लिहिलेली असते आणि तिथेच गफलत होते. पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसमध्ये 'सिंक्रोनस कमिट' नावाचे सेटिंग असते. ते मुळातच 'चालू' असते. ते पाहून कोणालाही वाटेल, की आपला संगणक पावतीसाठी थांबतो आहे. पण कोणाच्या पावतीसाठी थांबायचे, याची यादी 'सिंक्रोनस स्टँडबाय नेम्स' या दुसऱ्या सेटिंगमध्ये असते आणि ती मुळात कोरी असते. यादी कोरी असेल, तर मुख्य संगणक स्वतःच्या चकतीवर नोंद झाली की पुढे जातो, राखीवाची वाट पाहत नाही. दोन्ही सेटिंगे एकत्र वाचल्याशिवाय खरे काय ते कळत नाही. पाचव्या कलमात दोन प्रश्न आहेत ते यासाठी.

मायएसक्यूएल या डेटाबेसची एक पद्धत आणखी गमतीची आहे. त्यात मुख्य संगणक पावतीसाठी थांबतो, पण ठरावीक वेळच, आणि ती मर्यादा मुळात १० सेकंद असते. तेवढ्यात पावती आली नाही, तर तो थांबणे सोडून देतो आणि पुढचे काम पावतीविना करू लागतो. सेटिंग तेच राहते, वागणूक बदलते. म्हणून सेटिंग काय आहे याबरोबरच या क्षणी काय चालले आहे, हेही विचारावे लागते.

सातव्या कलमाचे उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधले आहे. त्यातल्या नेहमीच्या मांडणीत डेटाबेसमधली माहिती राखीव संगणकाकडे आपोआप जाते, पण संगणकात शिरण्याची परवानगी असलेल्यांची यादी डेटाबेसच्या बाहेर ठेवलेली असते आणि ती जात नाही. ती वेगळी न्यावी लागते. ती नेली नसेल, तर राखीव संगणक वेळेवर जागा घेतो, सगळी माहिती शाबूत असते आणि तरीही कोणालाच आत जाता येत नाही. बदली शिक्षक वेळेवर आले, पण वर्गाची किल्ली कोणी दिलीच नाही, तसे हे होते.

खरा मुख्य कोण?

राखीव संगणकाला मुख्याकडून काही ऐकू येईनासे झाले. मुख्य बंद पडला असेल, किंवा फक्त मधली तार तुटली असेल. राखीवाच्या जागेवरून या दोन गोष्टी सारख्याच दिसतात. तार तुटलेली असताना राखीवाने स्वतःला मुख्य ठरवले, तर दोन मुख्य होतील. दोघेही वेगवेगळ्या नोंदी घेत बसतील आणि नंतर दोन वह्यांचा मेळ घालणे फार कठीण जाईल. दुसऱ्या कलमात तातडीचा इशारा आहे तो याच भीतीने.

यावरचा उपाय बहुमताचा. तीन संगणक ठेवायचे आणि ज्या बाजूला दोन असतील तिनेच निर्णय घ्यायचा. तीनपैकी एक गेला तरी बहुमत राहते. पाच असतील तर दोन गेलेले चालतात. आता विद्यार्थ्यांना विचारा, चार ठेवले तर किती गेलेले चालतील? बहुमताला तीन लागतात, म्हणजे एकच. चौथ्या संगणकाने या बाबतीत काहीच मिळवले नाही. म्हणूनच अशा ठिकाणी विषम संख्या निवडतात.

पण बहुमताने घेतलेला निर्णयही अडचणीचा ठरू शकतो. गिटहब ही जगभरच्या प्रोग्रॅमर मंडळींची कामे साठवणारी सेवा आहे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्यांचे एक उपकरण बदलण्याचे नेहमीचे काम चालू असताना, तिथल्या मुख्य केंद्राचा संपर्क अवघे ४३ सेकंद तुटला. निर्णय घेणाऱ्या आज्ञावलींनी बहुमत जमवले आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या संगणकांना मुख्य ठरवले. तोवर पूर्वेला झालेल्या काही सेकंदांच्या नोंदी पश्चिमेला पोचल्या नव्हत्या. एका गजबजलेल्या डेटाबेसमध्ये अशा ९५४ नोंदी होत्या. इकडे पश्चिमेला नव्या नोंदी सुरू झाल्या होत्या. दोन्ही वह्यांत अशा नोंदी झाल्या, की ज्या दुसरीत नव्हत्या. माहिती गमवायची नाही असे ठरवून त्यांनी सेवा मंद ठेवली आणि मेळ घातला. ४३ सेकंदांच्या खंडाची किंमत २४ तास ११ मिनिटे झाली. व्यवस्था सेटिंगमध्ये लिहिल्याप्रमाणेच वागली होती. पण दुसऱ्या किनाऱ्यावरचा संगणक मुख्य झाला, तर बाकीच्या यंत्रणेला ते अंतर सोसणार नाही, याचा विचार त्या सेटिंगांत नव्हता. नंतर त्यांनी एका प्रदेशाचे मुख्यपद दुसऱ्या प्रदेशात जाणार नाही, असे सेटिंग केले.

पाच उपाय, एकही लागू नाही

सुप्त बिघाडाचे सर्वांत बोलके उदाहरण गिटलॅब या अशाच दुसऱ्या सेवेचे आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांचा राखीव डेटाबेस मुख्यापासून मागे पडत पडत थांबला. मुख्य संगणकाने रोजकीर्दीची जुनी पाने काढून टाकली होती आणि ती दुसरीकडे जपून ठेवण्याची सोय नव्हती. म्हणून राखीव पुन्हा पहिल्यापासून भरायचे ठरले. त्यासाठी त्यावरची जुनी माहिती पुसायची होती. पुष्कळ वेळ झगडून दमलेल्या अभियंत्याने पुसण्याची आज्ञा दिली, पण ती राखीवाऐवजी मुख्य संगणकावर गेली. एक-दोन सेकंदांत लक्षात येऊन त्याने ती थांबवली. तोपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइट उरले होते.

आता साठवणीच्या प्रती शोधायला सुरुवात झाली. रोज एक प्रत दूरच्या साठवणीत जायला हवी होती. ती जागा रिकामी निघाली. प्रत काढणारी आज्ञावली ९.२ आवृत्तीची चालत होती आणि डेटाबेस ९.६ आवृत्तीचा होता, त्यामुळे ती रोज सुरू होऊन रोज अपयशी ठरत होती. अपयश कळवणारी पत्रेही ती यंत्रणा रोज पाठवत होती. पण त्या पत्रांवर आवश्यक ती प्रमाणखूण नव्हती, म्हणून ती पोचण्याआधीच नाकारली जात होती. चकतीची छायाप्रत घेण्याची सोय इतर संगणकांसाठी चालू होती, डेटाबेसच्या संगणकांसाठी नव्हती. एकूण पाच उपायांपैकी एकही भरवशाने चालू नव्हता. वाचवले ते योगायोगाने. सुमारे सहा तासांपूर्वी एका वेगळ्याच कामासाठी कोणी हाताने एक प्रत काढली होती. ती परत भरायला सुमारे १८ तास लागले आणि मधल्या सहा तासांतली माहिती गेली. सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० अभिप्राय आणि ७०० नव्या सदस्यांची खाती यांना झळ बसली.

गिटलॅबने हे सारे बारीकसारीक तपशिलांसह जाहीर केले, ही मोठी गोष्ट. त्यातून दिसते, की एका रात्रीची चूक भोवली ती आधीपासून कोणाच्या ध्यानात न आलेल्या बिघाडांमुळे. आठव्या कलमातला एक साधा प्रश्न, 'कालच्या प्रतीचा आकार किती?', रोज विचारला असता, तर रिकामी जागा पहिल्याच आठवड्यात दिसली असती.

इथे आणखी एक भेद लक्षात ठेवावा. राखीव संगणक आणि साठवणीची प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुख्य संगणकावर कोणी चुकून एक तक्ता पुसला, तर पुसल्याची ती नोंदही रोजकीर्दीतून राखीवाकडे इमानाने जाते आणि तिथलाही तक्ता पुसला जातो. राखीव संगणक यंत्राच्या बिघाडापासून वाचवतो. माणसाच्या चुकीपासून वाचायचे तर मागच्या तारखेची प्रत लागते.

गप्प बसण्याचा अर्थ

नवव्या कलमात सगळे ठीक असतानाही कळवायला का सांगितले आहे, ते आता समजेल. रात्री फेरी घालणारा गुरखा काठी आपटत जातो. चोर आल्यावरच तो आवाज करणार असेल, तर शांत रात्रीचे दोन अर्थ निघतील. एक, चोर आलेला नाही. दोन, गुरखा झोपला आहे. काठीचा आवाज ठरल्या वेळी येत राहिला, तरच तो थांबल्याचे कळते. तसेच, स्क्रिप्टचा 'ठीक आहे' हा निरोप ठरल्या वेळी आला नाही, तर तोच इशारा मानायचा आणि हे पाहणारा संगणक तिसराच असायचा.

शिवाय स्क्रिप्टचीही परीक्षा घ्यावी लागते. प्रयोगशाळेत नवी लिटमसची पेटी आली, की आपण तिचा कागद आधी ओळखीच्या आम्लात बुडवून पाहतो. तिथेच तो लाल झाला नाही, तर अनोळखी द्रावणाबद्दल त्याचे म्हणणे मानण्यात अर्थ नाही. त्याचप्रमाणे सरावाच्या संगणकावर मुद्दाम राखीवाची तार काढायची, यादी कोरी करायची, प्रत रिकामी ठेवायची आणि स्क्रिप्ट ओरडते का ते पाहायचे. जी तपासणी कधीच नापास करत नाही, ती तपासणी आहे की नाही, याचीच शंका घ्यावी.

आणखी एक पथ्य. तपासणाऱ्या स्क्रिप्टला फक्त वाचण्याची परवानगी द्यावी, बदलण्याची नाही. पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून अशा देखरेखीसाठी मर्यादित अधिकारांची भूमिका तयारच मिळते. शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्यांनी जनरल रजिस्टरात स्वतःच दुरुस्त्या करू नयेत, तसेच हे.

स्क्रिप्टला मर्यादाही आहेत. आपण जे प्रश्न लिहिले तेवढेच ती विचारते. गिटहबच्या बाबतीत 'मुख्यपद दूर गेले तर बाकीच्यांना सोसेल का?' हा प्रश्न आधी माणसाला सुचायला हवा होता. शिवाय सगळी सेटिंगे बरोबर असूनही प्रत्यक्ष अदलाबदल फसू शकते. म्हणून वर्षातून काही वेळा, दिवसाउजेडी, सगळे हजर असताना, मुख्य संगणक मुद्दाम बाजूला काढून राखीवावर काम चालवून पाहतात. साठवणीची प्रतही वेगळ्या संगणकावर प्रत्यक्ष भरून, ती उघडते का ते पाहतात. शाळेत आगीची तालीम घेतो त्यातलाच हा प्रकार. लिहिलेले काय आहे, या क्षणी चालले काय आहे आणि वेळ आल्यावर होईल काय, असे हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिले दोन स्क्रिप्ट विचारते. तिसऱ्याचे उत्तर तालमीतूनच मिळते.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक लागत नाही. तीन विद्यार्थ्यांना तीन वह्या द्या. पहिला मुख्य, बाकीचे दोघे राखीव. वर्गातून एकेकाने 'अमुकच्या खात्यात इतके जमा' असे सांगावे. मुख्याने ते क्रमांक घालून लिहावे आणि चिठ्ठीवर उतरवून राखीवांकडे पाठवावे. एका राखीवाच्या पावतीसाठी मुख्याने थांबायचे, दुसऱ्याच्या नाही. मधेच, मुख्याला न सांगता, चिठ्ठ्या नेणाऱ्या एका मुलाला बाहेर बोलावून घ्या. थोड्या वेळाने मुख्यालाही वर्गाबाहेर पाठवा आणि राखीवांच्या वह्यांतले शेवटचे क्रमांक फळ्यावर लिहा. कोणत्या नोंदी हरवल्या? पावतीसाठी थांबल्याने वेळ किती जास्त गेला? दर पाच चिठ्ठ्यांनंतर क्रमांक ताडून पाहणारा चौथा विद्यार्थी नेमला असता, तर हरवलेल्या नोंदी किती कमी झाल्या असत्या?

मग मुलांना त्या चौथ्या विद्यार्थ्यासाठी प्रश्नांची यादी लिहायला सांगा. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर 'हो', 'नाही' किंवा एखादी संख्या असेच यायला हवे, एवढी एकच अट घाला. 'सगळे नीट आहे ना?' हा प्रश्न त्या यादीत का बसत नाही, हे मुलांना स्वतःच शोधू द्या. ते त्यांना सापडले, की त्यांनी आपली पहिली स्क्रिप्ट लिहिली असे खुशाल समजा.